टोकियोहून हिमाच्या गावी

वैशाखाच्या उकाड्यात बर्फाविषयी बोलायचे म्हणजे श्रोत्यांना थोडा गारवा देण्याचा हेतू असणार, असे कोणास वाटेल. तो हेतू नाहीच असे नाही; पण आमचा विषय बर्फापेक्षा त्या बर्फापर्यंत नेणाऱ्या वाटेचा आहे. जपानात टोकियोसारख्या महानगरातला माणूस हिवाळ्यातल्या सकाळी घरून निघतो, दोन-अडीच तासांत पुरुषभर बर्फापाशी पोचतो, दिवसभर पायांना स्की बांधून डोंगरउतारावरून घसरण्याचा खेळ खेळतो, आणि रात्रीच्या जेवणाला घरी परत येतो. आपल्याकडील मंडळीही आता हौसेने जपानला जाऊ लागली आहेत, आणि मुद्दाम हिवाळ्यात जाणारेही त्यांत आहेत. त्यांच्यापुढे पहिला प्रश्न येतो तो असा, की आगगाडीने जावे, बसने जावे, की मोटार भाड्याने घेऊन स्वतःच हाकीत जावे?

भाड्याचा आणि वेळेचा हिशेब कोणीही मांडून देईल. आमच्या मते त्याच्या आधी विचारण्याचा प्रश्न निराळा आहे. वाटेतल्या बर्फाशी झुंजण्याचे काम कोणाच्या माथी पडते? आगगाडीत ते रेल्वेच्या माथी असते, बसमध्ये चालकाच्या, आणि स्वतःच्या मोटारीत आपल्या. एवढा भेद ध्यानात घेतला म्हणजे बाकीचे सारे ओघाने उलगडते. उदाहरणादाखल आपण एकच गाव घेऊ. त्याचे नाव युझावा.

युझावा हे नीगाता प्रांतातले लहानसे गाव. त्या भागाचे जुने नाव एचिगो, म्हणून स्टेशनचे नाव एचिगो-युझावा. टोकियोपासून रेल्वेने ते सुमारे २०० किलोमीटर आहे. गावाची उंची समुद्रसपाटीपासून साडेतीनशे मीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या पुण्याहूनही कमी; आणि अक्षांशाने ते श्रीनगरच्या जेमतेम तीन अंश उत्तरेला. मग तेथे बर्फाचे एवढे ढीग का पडावेत? ह्याचे कारण आपल्या ओळखीचे आहे. आशिया खंडाचे मोसमी वारे उन्हाळ्यात समुद्राकडून जमिनीकडे येतात आणि सह्याद्रीला अडून कोकणात पाऊस ओततात. हिवाळ्यात हेच चक्र उलटे फिरते. सैबेरियातून निघालेला कोरडा, अतिथंड वारा जपानच्या पश्चिमेकडील समुद्रावरून जातो. ह्या समुद्रात दक्षिणेकडून त्सुशिमा नावाचा उष्ण प्रवाह येत असल्याने तेथले पाणी वाऱ्याच्या मानाने पुष्कळच ऊबदार असते. वारा त्या पाण्यावरचे बाष्प उचलतो, जपानच्या मधल्या डोंगररांगेवर आदळून वर चढतो, आणि ते बाष्प बर्फ होऊन तेथेच उतरते. रांग ओलांडून गेलेला वारा कोरडा होतो. म्हणून रांगेच्या अलीकडे टोकियोत स्वच्छ ऊन आणि पलीकडे युझावात छपरापर्यंत बर्फ. घाटमाथ्यावर धोधो पाऊस आणि पाचपंचवीस कोसांवर देशावर कोरडे रान हे आपण दरसाल पाहतोच. न्याय तोच. ह्याच नीगाता प्रांतातील ताकादा येथे १९४५ च्या फेब्रुवारीत ३७७ सेंटिमीटर बर्फ साचल्याची नोंद आहे. आणि ताकादा हे डोंगरातले खेडे नव्हे, सपाटीवरचे शहर आहे.

असल्या बर्फात माणसे राहत तरी कशी? ह्याचे उत्तर एका व्यापाऱ्याने लिहून ठेवले आहे. युझावाच्या शेजारच्या शिओझावा गावात सुझुकी बोकुशी नावाचे गृहस्थ होऊन गेले. त्यांचा ‘होकुएत्सु सेप्पु’ हा ग्रंथ १८३७ पासून एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, प्रसिद्ध होऊ लागला. राजधानीतले लोक बर्फाकडे शोभेची वस्तू म्हणून पाहत. त्या बर्फाखाली जगणाऱ्यांचे हाल त्यांना ठाऊकच नव्हते. ते कळावेत म्हणून बोकुशींनी बर्फाचे प्रकार, छपरे मोकळी करण्याची मेहनत, बर्फावर कापड वाळवण्याची रीत, हिमकडे कोसळून झालेले अपघात, हे सारे तपशिलाने मांडले. शेत बर्फाखाली गेले की कामधंदा थांबे. त्यामुळे पुढे कित्येक पिढ्या ह्या भागातले पुरुष हिवाळ्यात मजुरीसाठी टोकियोकडे जात आणि घर सांभाळायला बायका, मुले नि म्हातारीकोतारी मागे राहत. पुढे ज्या वाटेने शहरातली माणसे खेळायला येऊ लागली, तिच्यावरून पूर्वी गावातली माणसे पोटासाठी बाहेर पडत होती, हे विसरू नये.

खेळ आला तो बाहेरूनच. थिओडोर फॉन लेर्ख ह्या ऑस्ट्रियन लष्करी अधिकाऱ्याने १२ जानेवारी १९११ रोजी ताकादा येथे जपानी सैनिकांना स्कीचे पहिले धडे दिले. तो दिवस जपानी स्कीचा आरंभ म्हणून मानला जातो. परंतु शहरातल्या माणसाला खेळायला यायचे तर डोंगर आडवा होता.

हा डोंगर फोडण्याची कथा तीन बोगद्यांची आहे. पहिला शिमिझु बोगदा. १९२२ मध्ये त्याचे काम सुरू झाले आणि सुमारे नऊ वर्षांनी, १ सप्टेंबर १९३१ रोजी, त्यातून गाडी धावली. लांबी ९,७०२ मीटर. तोवर टोकियोहून नीगाताला जाणारी गाडी लांबचा वळसा घेऊन जाई. बोगद्याच्या दोन्ही तोंडांशी चढण इतकी होती, की गाडीला उंची गाठता यावी म्हणून रुळ डोंगराच्या पोटातून वर्तुळाकार फिरवून आणावे लागले. यासुनारी कावाबाता ह्यांना १९६८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या ‘युकीगुनी’ ह्या कादंबरीचा आरंभ ह्याच बोगद्यातून बाहेर पडणाऱ्या गाडीपासून होतो, आणि तिच्यातले गाव म्हणजे युझावाच. दुसरा बोगदा १९६७ चा, साडेतेरा किलोमीटरांचा. तो झाल्यावर एका बोगद्यातून जाणे आणि दुसऱ्यातून येणे सुरू झाले. ह्या दुसऱ्या बोगद्याच्या पोटात दोआइ नावाचे स्टेशन आहे. नीगाताकडे जाणाऱ्या गाडीतून तेथे उतरलेल्या उतारूला उजेडात येण्यासाठी एका सरळ जिन्याच्या ४६२ पायऱ्या चढाव्या लागतात, आणि त्यानंतरही थोड्या उरतातच. साध्या, संथ गाड्या आजही ह्या मार्गाने जातात. पण दिवसातून मोजक्याच. ज्यांच्या हाताशी भरपूर वेळ आहे त्यांनी तो मार्ग जरूर घ्यावा. ज्यांना त्याच दिवशी खेळून परतायचे आहे त्यांनी घेऊ नये.

तिसरा दाइ-शिमिझु, म्हणजे थोरला शिमिझु. लांबी सव्वाबावीस किलोमीटर. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी सुरू झालेली जोएत्सु शिंकान्सेन ह्यातून धावते. शिंकान्सेन ह्या शब्दाचा अर्थ नवा मुख्य मार्ग एवढाच. आपण तिला बुलेट ट्रेन म्हणतो. ज्या चढणीवर जुन्या गाड्या गोल गोल फिरत, ती चढण ह्या बोगद्याने तळातूनच टाळली. पण तो सुखासुखी झाला नाही. १९७९ च्या मार्चमध्ये बोगद्यात आग लागून १६ माणसे मृत्युमुखी पडली. खणताना डोंगरातून पाण्याचे झरेही फुटले. त्यांनी कामात अडथळे आणले खरे, पण पुढे तेच पाणी बाटल्यांत भरून विकण्याचा धंदा रेल्वेने काढला.

आता प्रत्यक्ष प्रवास. परदेशातून येणारा माणूस टोकियोच्या नारिता किंवा हानेदा विमानतळावर उतरतो. नारिताहून उएनो स्टेशनला थेट जलद गाडी आहे, आणि जोएत्सु शिंकान्सेनच्या बहुतेक गाड्या टोकियोहून सुटल्यावर उएनोला थांबतात. म्हणून अवजड सामान घेऊन मुख्य टोकियो स्टेशनच्या गर्दीत शिरण्याचे कारण नाही. ह्या मार्गावर दोन नावांच्या गाड्या आहेत. ‘तोकी’ नीगातापर्यंत जाते. ‘तानिगावा’ साधारणतः एचिगो-युझावापर्यंत. तिकीट काढताना दोन गोष्टी पाहाव्यात. तोकीच्या काही गाड्या युझावाला न थांबताच पुढे जातात, आणि तानिगावाच्या काही गाड्या अलीकडच्या स्टेशनातच संपतात. पहिली गाडी सकाळी सहाच्या सुमारास आहे. वेळ लागतो सव्वा ते दीड तास, आणि एका बाजूचे भाडे पडते सात हजार येनांच्या आतबाहेर. आरक्षणाचे डबे निराळे आणि बिनआरक्षणाचे निराळे असतात. हिवाळ्यात शनिवार-रविवारी आरक्षण केलेले बरे.

बोगद्याबाहेर पडल्यावर बर्फाच्या प्रदेशात गाडी वेगाने कशी जाते, असे आपण विचाराल. तेथे रुळांच्या कडेने पाण्याच्या तुषारांची योजना आहे. नदीचे पाणी घेऊन ते तापवतात, रुळांवर फवारतात, वितळलेल्या बर्फासकट गोळा करून पुन्हा तापवून वापरतात. आत बसलेल्या उतारूला ह्याचा पत्ताही लागत नाही. तो बोगद्याच्या ह्या तोंडाशी ऊन पाहतो आणि त्या तोंडाशी बर्फ. बर्फाशी चाललेले सारे युद्ध त्याच्या पायाखाली, त्याच्या वतीने, दुसरे कोणी लढत असते. तिकिटाचे पैसे जास्त का, ह्याचे एक उत्तर येथे आहे.

एचिगो-युझावाच्या पुढे आणखी १.८ किलोमीटरांवर गाला-युझावा हे स्टेशन आहे. शिंकान्सेनच्या देखभालीसाठी टाकलेले रुळ तेथवर गेलेलेच होते. त्यांचा उपयोग करून १९९० च्या डिसेंबरात हे स्टेशन उघडले. ते केवळ बर्फाच्या मोसमात चालू असते. स्टेशनच्या इमारतीतच स्की, बूट आणि कपडेसुद्धा भाड्याने मिळतात. तेथूनच तारेवरून जाणारा बंद पाळणा, ज्याला गोंडोला म्हणतात, थेट उतारांवर नेऊन सोडतो. येथे रस्त्याचा प्रश्नच उरत नाही. प्रथम जाणाऱ्याने, विशेषतः मुलेबाळे बरोबर असणाऱ्याने, गालाला जावे असे आम्ही सुचवू.

अन्य डोंगरांना मात्र शेवटचा टप्पा बसचा आहे. नाएबा आणि कागुरा ही प्रसिद्ध ठिकाणे एचिगो-युझावा स्टेशनवरून बसने गाठावी लागतात. कागुराला अर्ध्या तासाच्या आत, नाएबाला पाऊण तासाच्या आसपास. गाडी दहा मिनिटांनी चुकली तर दुसरी मिळते. पण संध्याकाळची शेवटची बस चुकली तर टॅक्सीवाचून उपाय नाही. म्हणून स्टेशनवर उतरताच परतीच्या बसची वेळ आधी टिपून घ्यावी. सामानाची एक चांगली सोय तेथे आहे. घरोघर पार्सल पोचविणाऱ्या जपानी कंपन्या स्की आणि बॅगा मुक्कामाच्या ठिकाणी नेऊन देतात. केवळ स्कीसाठी ही सेवा १९८३ मध्ये निघाली. एकदोन दिवस आधी सामान पाठवावे आणि आपण मोकळ्या हातांनी गाडीत चढावे.

आता बस. टोकियोतून थेट स्कीच्या पायथ्याशी जाणाऱ्या बसगाड्या हिवाळ्यात पुष्कळ असतात. रेल्वेच्या निम्म्या किंवा त्याहूनही कमी भाड्यात त्या नेतात. स्की पोटात टाकता येतात आणि गाडी बदलावी लागत नाही. दूरच्या डोंगरांना त्या रात्री निघतात आणि पहाटे पोचतात, म्हणजे मुक्कामाचाही खर्च वाचतो. विद्यार्थ्यांना हे सोयीचे वाटते ह्यात नवल नाही. परंतु हा स्वस्तपणा कोठून येतो, हे विचारले पाहिजे.

१५ जानेवारी २०१६ च्या रात्री दोनच्या सुमारास, टोकियोहून नागानो प्रांतातील स्कीच्या डोंगराकडे निघालेली एक बस कारुइझावाजवळच्या घाटरस्त्यावर उतरणीला ताबा सुटून रस्त्याबाहेर कोसळली. १५ माणसे गेली. त्यांतले १३ विद्यापीठात शिकणारे तरुण होते. उरलेले दोघे बसचे चालक. चौकशीत निघाले ते असे : सुरक्षिततेसाठी सरकारने ठरवून दिलेल्या किमान दरापेक्षाही कमी पैशांत ती बस ठरविली होती, योजलेला द्रुतगती मार्ग सोडून ती साध्या रस्त्याने चालली होती, हाकणाऱ्याला मोठ्या बसची पुरेशी सवय नव्हती, आणि उतरणीवर वेग ताशी ९० किलोमीटरांवर गेला होता. रस्त्यावर बर्फाने घात केला, असे म्हणण्याचीही सोय नाही. त्याआधी २९ एप्रिल २०१२ रोजी युझावाला जाणाऱ्या कान-एत्सु द्रुतगती मार्गावरच पहाटे एका रात्रीच्या बसचा चालक झोपी जाऊन सात उतारू मेले होते. ती स्कीची बस नव्हती, पण स्वस्त रात्रीची बसच होती. ह्या दोन्ही अपघातांनंतर नियम कडक झाले. रात्री एका चालकाने किती अंतर हाकावे ह्याला मर्यादा आली, आणि भाड्याच्या बस चालविणाऱ्या कंपन्यांना दर पाच वर्षांनी परवान्याची फेरतपासणी आवश्यक ठरली.

म्हणून बसने जाऊच नये, असे आमचे म्हणणे नाही. दिवसा जाणारी, नावाजलेल्या कंपनीची बस चांगलीच. मात्र भाडे सर्वांहून कमी दिसले तर थांबून विचार करावा, की हे पैसे कोणाच्या झोपेतून वाचवले आहेत? बसमध्ये कमरेचा पट्टा असतो. तो पहाटेच्या साखरझोपेतही बांधलेला असावा.

तिसरी वाट स्वतःच्या मोटारीची. टोकियोच्या नेरिमा ह्या भागातून कान-एत्सु द्रुतगती मार्ग सुरू होतो आणि युझावाच्या फाट्यापर्यंत सुमारे १७० किलोमीटर भरतात; मोकळा रस्ता असेल तर दोन तास. डोंगराखालून जाणारा, जवळजवळ ११ किलोमीटरांचा कान-एत्सु बोगदा १९८५ च्या ऑक्टोबरात खुला झाला. येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी तेव्हा एकच नळी होती. दुसरी १९९१ मध्ये झाली. जपानात आपल्यासारखेच डाव्या बाजूने हाकतात, ही आपल्या माणसाची मोठी सोय. १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार काढलेला आंतरराष्ट्रीय परवाना तेथे चालतो आणि भारत त्या करारात आहे. म्हणून आपल्या आरटीओतून तो काढून न्यावा. तो जपानात गेल्यावर मिळणार नाही.

पण परवाना म्हणजे बर्फावर हाकण्याचे ज्ञान नव्हे. बोगद्याच्या अलीकडे रस्ता कोरडा असतो आणि अकरा किलोमीटरांनी तोच रस्ता पांढरा होतो. मधे सराव करायला जागा नाही. मोटार भाड्याने घेतानाच हिवाळी टायर मागून घ्यावेत. मऊ रबराचे आणि बारीक चिरांचे हे टायर बर्फ धरून ठेवतात. पूर्वी खिळ्यांचे टायर वापरीत, पण ते डांबर खरवडून शहरभर धूळ उडवीत, म्हणून १९९० मध्ये त्यांविरुद्ध कायदा झाला. साखळ्याही जवळ असाव्यात. देशातील १३ ठराविक टप्प्यांवर, अतिवृष्टीसारखा बर्फ कोसळू लागला, की साखळ्यांशिवाय कोणालाच जाऊ देत नाहीत. हा नियम २०१८ च्या डिसेंबरचा. गाडी रात्रभर उभी करताना हातब्रेक ओढू नये, तो गोठून बसतो. वायपर उभे करून ठेवावेत. डिझेलची गाडी असेल तर त्या भागात पोचून तेथलेच डिझेल भरावे, कारण टोकियोचे डिझेल तेथल्या थंडीत दाट होते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, बर्फात अडकून इंजिन चालू ठेवावे लागले तर धुराचे नळकांडे पुन्हा पुन्हा मोकळे करावे. ते बर्फाखाली बुजले तर विषारी वायू गाडीत शिरतो आणि आत बसलेला माणूस झोपेतच जातो.

हा भीतीचा बागुलबुवा नव्हे. १६ डिसेंबर २०२० रोजी ह्याच कान-एत्सु मार्गावर, युझावाच्या परिसरात, बर्फात वाहने रुतली. त्यांच्या मागे रांग वाढत गेली ती सुमारे २,१०० वाहनांपर्यंत, आणि शेवटचे वाहन सुटायला दोन दिवसांहून अधिक काळ लागला. जपानच्या सैनिकांनी वाहना-वाहनाशी जाऊन खाणेपिणे वाटले. तोवर शक्यतो रस्ता बंद करायचा नाही, असे धोरण होते. आता मोठा बर्फ येणार असे दिसताच रस्ता आधीच बंद करतात. तेव्हा मोटारीने जाणाऱ्याने परतीचा एक दिवस हाताशी राखून ठेवावा. त्याच रात्रीचे विमान पकडण्याचा बेत करू नये.

स्टेशनबाहेर पडल्यावर आपल्याला आणखी एक गंमत दिसेल. रस्त्याच्या मधोमध छोट्या छोट्या तोट्यांतून पाणी उडत असते आणि रस्ता काळा, ओला, मोकळा असतो. ही युक्ती नीगाता प्रांतातल्याच नागाओका शहरात १९६० च्या सुमारास निघाली. जमिनीखालचे पाणी हिवाळ्यातही तेरा-चौदा अंश ऊबदार असते. ते रस्त्यावर सोडले की बर्फ टिकत नाही. पाण्यातल्या लोहाने रस्ते तांबूस होतात, आणि पाहुण्यांचे बूट भिजतात. म्हणून रबरी बूट घालावेत. पण दर हिवाळ्यात एवढे पाणी उपसल्याने काही ठिकाणी जमीनही खचू लागली आहे. वाट मोकळी ठेवण्याची किंमत कोणीतरी, कोठेतरी मोजत असते; येथे ती जमीन मोजते आहे.

तर मग कोणती वाट घ्यावी? प्रथम जाणाऱ्याने आगगाडी घ्यावी. पैसे बेताचे असतील तर दिवसाची बस. बर्फावर हाकण्याची सवय असेल आणि चार-पाच माणसांचे कुटुंब असेल तर मोटार. ह्या तिन्ही वाटांवर डोंगर तोच आहे नि बर्फही तोच आहे. फरक एवढाच, की त्याचा भार आपण कोणावर टाकतो आणि त्याचा योग्य मोबदला देतो की नाही.

बोकुशींना आपल्या गावचा बर्फ शहरवासीयांना समजावून सांगायचा होता. आज शहरवासी दर शनिवारी तो पाहायला येतात, आणि ज्या गावातून पुरुष मजुरीला बाहेर जात, तेथे बाहेरची माणसे हिवाळ्यात कामाला येतात. आपल्यापैकी कोणी कधी तेथे गेलेच, तर गाडी बोगद्यात शिरल्यावर डोळे मिटून घेऊ नयेत. आत पाहण्यासारखे काही नसते. फक्त अंधार असतो. पण तो अंधार खणणाऱ्या सोळा माणसांचे तेवढे स्मरण करावे. मग पलीकडचा बर्फ पाहावा.